मेरिदा: पाण्याच्या वाटेनं पाहिलेलं रोमन शहर

स्पेनला जाणारी आपली बहुतेक मंडळी माद्रिद, बार्सिलोना आणि जमलं तर सेव्हिल-ग्रानादा करून परततात. मेरिदाचं नाव सहलींच्या पत्रकांत सहसा दिसत नाही. मला ते कळलं नोकरीमुळे. पाटबंधारे खात्यात असताना जुन्या धरणांवरच्या एका व्याख्यानात रोमनांनी बांधलेल्या एका मातीच्या धरणाचा छेद पडद्यावर दाखवला होता, आणि हे धरण आजही भरतं, असं वक्ते म्हणाले होते. ते धरण मेरिदाचं. ताईनं कोल्हापुरात आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे तिला वेगळं पटवावं लागलं नाही. एप्रिलमधल्या आमच्या स्पेनच्या बेतात सेव्हिलनंतरचे दिवस आम्ही मेरिदासाठी राखून ठेवले.

शुक्रवार

सेव्हिलच्या प्लासा दे आर्मास बसस्थानकावरून सकाळची बस धरली. अडीच तासांच्या आसपासचा रस्ता आहे. सिएरा मोरेनाचे डोंगर ओलांडले की एक्स्त्रेमादुरा सुरू होतो. हा पोर्तुगालला लागून असलेला स्पेनचा पश्चिमेकडचा प्रांत, आणि मेरिदा त्याची राजधानी. खिडकीतून मैलोन्‌मैल ‘देएसा’ दिसत राहते: ओकची झाडं विरळ राखून खाली गवत वाढू दिलेली चराऊ जमीन. शरदात झाडांची बोंडं खाली पडतात आणि त्यांवर इथली काळी डुकरं पोसली जातात. स्पेनभर नावाजलेलं हामोन, म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवून वाळवलेलं मांस, ते यांचंच. एप्रिलमध्ये मात्र झाडांखाली नुसती रानफुलं होती, पिवळी आणि जांभळी.

मेरिदाचं बसस्थानक ग्वादियाना नदीच्या पलीकडच्या तीरावर आहे, आणि ते आमच्या पथ्यावरच पडलं. गावात शिरायचं तर पूल ओलांडावा लागतो. स्थानकाजवळचा लुसितानिया पूल सांतियागो कालात्रावा यांनी केलेला, १९९१चा. पांढऱ्या पोलादी कमानीच्या मधोमध पायी चालणाऱ्यांची वेगळी वाट आहे. तिच्यावरून जाताना नदीवरचा जुना रोमन पूल लांबवर दिसतो. सामान खोलीवर टाकलं, जेवण उरकलं आणि ऊन उतरल्यावर सरळ त्या जुन्या पुलावर गेलो.

लांबी ७९० मीटरच्या आसपास, कमानी ६०. नवा पूल होईपर्यंत, म्हणजे १९९१पर्यंत, मोटारी आणि ट्रकसुद्धा यावरूनच जायचे. आता तो फक्त पायी चालणाऱ्यांचा आहे. संध्याकाळी सगळं गाव तिथे फिरायला येतं. बाबागाड्या, सायकली, हात धरून सावकाश चालणारी म्हातारी जोडपी. मी मात्र पाण्याच्या कडेला उतरून खांब पाहत बसलो. प्रवाहाच्या अंगानं खांबांना गोलाई दिली आहे, म्हणजे पाणी आदळत नाही, दुभंगून बाजूनं निघून जातं. शहराच्या बाजूच्या खांबांच्या पोटात वरच्या अंगाला लहान कमानीची मोकळी जागा ठेवली आहे. पूर चढला की पाण्याला तिथून वाट मिळते आणि पुलावरचा रेटा कमी होतो. ग्रॅनाइटचे चिरे बाहेरून फुगीर ठेवलेले, आत काँक्रीटचा गाभा. पुरांनी आणि युद्धांनी या पुलाच्या कमानी वेळोवेळी पाडल्या आणि प्रत्येक काळातल्या लोकांनी त्या पुन्हा उभ्या केल्या.

शहर मुळात इथे वसलं तेच नदी पायी पार करायच्या या उतारामुळे. नदी इथे पसरट आणि उथळ आहे, मध्ये बेट आहे. इ.स.पू. २५मध्ये सम्राट ऑगस्टसच्या आज्ञेवरून पुब्लियस कॅरिसियस या सेनानीनं ही वसाहत स्थापली. उत्तरेकडच्या कँटाब्रियन लोकांशी लढून सेवा संपलेल्या पाचव्या आणि दहाव्या लीजनच्या, म्हणजे रोमन पलटणींच्या, सैनिकांना इथे जमिनी दिल्या. ‘ऑगस्टा एमेरिटा’ हे नाव त्या निवृत्त सैनिकांवरूनच पडलं. पुढे ती लुसितानिया प्रांताची राजधानी झाली. हे नाव पोर्तुगीजांनी नंतर अभिमानानं आपलंसं केलं. गोव्याचा इतिहास वाचताना ते आपल्याला भेटतं, पण त्या लुसितानियाची राजधानी आजच्या स्पेनमध्ये होती, हे ताई अंधार पडेपर्यंत मला समजावून सांगत होती.

शनिवार

इथली बहुतेक रोमन ठिकाणं एकाच तिकिटात पाहता येतात. नाट्यगृह, अँफिथिएटर, अल्कासाबा किल्ला, मिथ्रिओ घर, सर्कस (रथांच्या शर्यतींचं मैदान), सांता एउलालियाचं तळघर, सगळं त्यात येतं. ते तिकीट सकाळीच काढलं आणि शाळांच्या सहली यायच्या आत नाट्यगृहात शिरलो.

इ.स.पू. १६-१५च्या सुमाराला अग्रिप्पाच्या आश्रयानं हे नाट्यगृह उभं राहिलं. हा ऑगस्टसचा जावई आणि उजवा हात. बाजूच्या प्रवेशमार्गांवर त्याचं नाव कोरलेलं अजून वाचता येतं. सहा हजारांच्या आसपास प्रेक्षक इथे बसायचे. रंगमंचामागे दोन मजली संगमरवरी खांबांची भिंत आहे आणि खांबांच्या मध्ये देवतांचे, सम्राटांचे पुतळे. मूळ पुतळे संग्रहालयात नेलेत, इथे त्यांच्या प्रतिकृती आहेत. ही भिंत आज दिसते तशी सापडली नव्हती. खांब आडवे पडलेले, विखुरलेले होते. ते विसाव्या शतकात जुळवून पुन्हा उभे केले.

शतकानुशतकं हे सगळं मातीखाली होतं. फक्त सर्वांत वरच्या पायऱ्यांचे सात तुकडे जमिनीबाहेर डोकावायचे. लोक त्यांना ‘सात खुर्च्या’ म्हणत आणि सात मूर राजे तिथे बसून शहराचा निवाडा करायचे अशी कथा सांगत. १९१०मध्ये होसे रामोन मेलिदा यांनी खोदकाम सुरू केलं तेव्हा त्या खुर्च्यांखालून अख्खं नाट्यगृह निघालं. ताईनं हे ऐकलं आणि ती मुद्दाम चढून सर्वांत वरच्या पायरीवर जाऊन बसली. मी खाली रंगमंचाजवळून नेहमीच्या आवाजात विचारलं, “ताई, ऐकू येतंय का?” तिनं वरून हात हलवला.

१९३३मध्ये इथे पुन्हा नाटक झालं. सेनेकाचं ‘मेडिया’, स्पॅनिश लेखक उनामुनो यांनी स्पॅनिशमध्ये आणलेलं, आणि मेडियाच्या भूमिकेत मार्गारिता शिर्गू. सेनेका मूळचा कोर्दोबाचा, म्हणजे इथूनच दक्षिणेकडचा. स्पेनमध्ये जन्मलेल्या रोमन नाटककाराचं नाटक स्पेनमधल्याच रोमन रंगमंचावर परतलं, हे मला फार आवडलं. त्यातूनच इथला अभिजात नाटकांचा महोत्सव उभा राहिला. तो उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या रात्री भरतो. ज्यांना चाळीस अंशांची भीती वाटत नाही त्यांनी तेव्हाच यावं, असं मी नाटकवेड्या मित्रांना आवर्जून सांगेन.

शेजारचं अँफिथिएटर मी भराभर पाहिलं. माणसं आणि जनावरं मारण्याची ती जागा आहे. बांधणी उत्तम असली तरी तिथे रमावंसं वाटलं नाही.

दुपारी दोननंतर गाव मिटतं. दुकानांची शटर खाली येतात, रस्ते ओस पडतात. आम्हीही निवांत जेवलो. आम्ही दोघं मांस खात नाही, पण इथे उपाशी राहायची पाळी आली नाही. भाजलेल्या लाल मिरच्या आणि टोमॅटोचं सोरोंगोयो, बदाम-लसणाचं गार आहोब्लांको आणि ‘सिन हामोन’ (हामोन नको) असं बजावून मागवलेली मिगास. मिगास म्हणजे शिळ्या पावाचा कुस्करा ऑलिव्हच्या तेलात, लसूण आणि लाल तिखट घालून परतलेला. चवीला अगदी आपल्या फोडणीच्या पोळीसारखा. ते तिखट याच प्रांताच्या उत्तरेकडच्या ला व्हेरा खोऱ्यातलं. तिथे मिरच्या ओकच्या लाकडांच्या धुरावर वाळवतात. मिरची अमेरिकेतून स्पेनला आली आणि आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या वाटेनं. शेवटी तोर्ता देल कासार आलं. हे मेंढीच्या दुधाचं, आत वाहतं मऊ असलेलं चीज. वरची चकती कापायची आणि पाव बुडवून खायचं. त्याचं दूध एका काटेरी झाडाच्या वाळवलेल्या फुलांनी विरजतात, जनावराच्या जठरातलं रेनेट (दूध विरजणारा रस) त्यात नसतं. शाकाहारी प्रवाशांनी हे नाव लिहूनच ठेवावं.

शनिवारी दुपारनंतर राष्ट्रीय रोमन कला संग्रहालयात प्रवेश फुकट असतो. १९८६मध्ये उघडलेली ही इमारत राफाएल मोनेओ यांची. बाहेरून साधी विटांची भिंत. आत गेलं की एकामागून एक उंच विटांच्या कमानी आणि छतातून उतरणारा उजेड. विटा रोमन मापाच्या, पातळ, आणि सांधे इतके बारीक की मसाला दिसतच नाही. जमिनीवरची मोझेइक इथे भिंतींवर उभी लावलीत, म्हणून त्यांची चित्रं सबंध दिसतात. खाली तळघरात इमारतीच्या पायातच सापडलेली रोमन घरं आणि थडगी जागच्या जागी ठेवली आहेत. इमारतीचे विटांचे खांब त्यांच्यामधूनच वर गेले आहेत.

पुतळे पाहून झाल्यावर आम्ही थडग्यांच्या दगडांपाशी बराच वेळ थांबलो. एकावर लुटाटिया लुपाटा नावाची सोळा वर्षांची मुलगी कोरली आहे, मांडीवर तंतुवाद्य घेऊन वाजवणारी. डावा हात दांडीवर, उजवा तारांवर, कपाळावर केसांच्या बटा. दुसऱ्या एका दगडावर एक बाई पिंपाच्या तोटीतून भांड्यात दारू काढते आहे. तिचं नाव सेंटिया अमारांटिस. ती पंचेचाळिसाव्या वर्षी गेली. नवऱ्यानं खाली लिहून घेतलंय की ही माझी अतिशय लाडकी बायको आणि आम्ही सतरा वर्षं संसार केला. लॅटिन कच्चं आहे, शिकलेल्या माणसाचं नाही. ताई म्हणाली, “सम्राटाला पुतळे करून देणारे पुष्कळ असतात रे. या माणसानं गुत्ता चालवून साठवलेल्या पैशांतून हे केलं असणार.” संग्रहालयात मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे दोन दगड.

रविवार

सकाळी टॅक्सी करून प्रोसेर्पिना धरणावर गेलो. शहराच्या उत्तरेला पाचसहा किलोमीटर. वर्षानुवर्षं मनात होतं ते धरण एकदाचं डोळ्यांपुढे आलं आणि पहिली काही मिनिटं मी काही बोललो नाही.

भिंत चारशे मीटरहून लांब. पाण्याच्या बाजूला ग्रॅनाइटची दगडी भिंत आणि तिच्या पाठीशी मातीचा भराव. नवख्या माणसाला वाटतं, पाण्याचा रेटा बाहेर ढकलतो, मग भिंतीला टेकू बाहेरच्या अंगाला हवेत. इथे मात्र दगडी टेकू पाण्याच्या बाजूला आहेत. तलाव भरलेला असताना पाण्याचा रेटा पाठीमागची माती पेलते. धोका असतो तो तलाव रिकामा झाल्यावर. तेव्हा ओलावलेली माती भिंतीला तलावाच्या दिशेनं ढकलते आणि तिला आवरायला समोरून काहीच नसतं. ते टेकू त्या रिकाम्या दिवसांसाठी आहेत. एक्स्त्रेमादुराचे उन्हाळे आपल्या दुष्काळी तालुक्यांसारखेच कोरडे, म्हणजे इथे तलाव तळाला जाणार हे बांधणाऱ्याला ठाऊक होतं. भरावाच्या बाजूला दोन चौकोनी विहिरी आहेत. त्यांतून खाली उतरून पाणी सोडायची व्यवस्था होती. १९९०च्या दशकात गाळ उपसला तेव्हा भिंतीचा खालचा, पूर्वी कुणी न पाहिलेला भाग उघडा पडला. आम्ही कॉलेजात शिकलो ते सगळं या भिंतीत आधीच बांधून ठेवलेलं होतं.

धरणाचं नाव मूळचं नाही. अठराव्या शतकात जवळच एक लेख सापडला. त्यात कुणीतरी प्रोसेर्पिना देवीला साकडं घातलंय: माझे सहा अंगरखे आणि आणखी कपडे चोरणाऱ्याला शासन कर. त्या कपडे गेलेल्या माणसामुळे तलावाला देवीचं नाव मिळालं. आज तिथे गावकरी उन्हाळ्यात पोहायला येतात. काठानं सांतियागोच्या ख्रिस्ती यात्रेची ‘व्हिया दे ला प्लाता’ ही वाट जाते. पाठीवर पिशव्या आणि हातात काठ्या घेतलेले यात्रेकरू जाताना “बुएन कामिनो”, म्हणजे ‘वाट सुखाची होवो’, असं आम्हाला म्हणत होते.

परतताना लोस मिलाग्रोस जलसेतूपाशी उतरलो. धरणातलं पाणी जमिनीच्या उतारानं वळणं घेत दहा-बारा किलोमीटर यायचं. शेवटी आल्बारेगास ओढ्याचं खोरं आडवं येतं. ते ओलांडायला हा सेतू. उंची २५ मीटर. ग्रॅनाइटचे काही थर, मग लाल विटांचे काही थर, पुन्हा ग्रॅनाइट. विटांच्या त्या पट्ट्या खांब बांधून धरतात, आणि सकाळच्या उन्हात राखाडी-तांबडे पट्टे लखलखतात. पाणी थांबून शतकं लोटली. माथ्यांवर आता करकोच्यांची घरटी आहेत. एप्रिलमध्ये पिल्लांचे दिवस. एकेक करकोचा चोचीत गवत घेऊन यायचा आणि जोडीदाराला पाहून मान मागे टाकून चोच वाजवायचा. तो खडखडाट खालपर्यंत ऐकू येतो. भोवती बाग केली आहे. मुलं फुटबॉल खेळत होती आणि चेंडू थेट रोमन खांबावर आपटत होता. त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

गावातलं डायनाचं देऊळही असंच वापरात राहून वाचलं. खरं तर ते सम्राटपूजेचं देऊळ. पुढे एका सरदारानं त्याचे खांब भिंतीत घेऊन आपला वाडा उठवला. वाडा होता म्हणून खांब कुणी उपटून नेले नाहीत. आज समोरून पाहिलं तर उंच रोमन खांब आणि त्यांच्या आतून डोकावणारी वाड्याची खिडकी असं दृश्य दिसतं. तो वाडा काढून देऊळ ‘शुद्ध’ केलं नाही, हे मला योग्य वाटलं.

अल्कासाबा शेवटी ठेवली होती. इ.स. ८३५मध्ये कोर्दोबाचा अमीर दुसरा अब्द अर-रहमान यानं पुलाच्या तोंडाशी हा किल्ला बांधला. मेरिदाचे लोक वारंवार बंड करायचे. पुलावरही नजर आणि गावावरही, असा त्याचा हेतू. चिरे सगळे रोमन इमारतींचे. आतल्या अंगणात एक बुटकी इमारत आहे, बाहेरून काहीच विशेष नाही. दारातून आत शिरलं की दोन समांतर जिने अंधारात उतरतात. दाराच्या चौकटीला व्हिसिगॉथ काळातले संगमरवरी खांब लावलेत, द्राक्षवेली आणि पानं कोरलेले. म्हणजे रोमनांनंतरच्या ख्रिस्ती राजांच्या काळातलं कोरीवकाम मुसलमान अमिराच्या गवंड्यांनी उचलून इथे बसवलं. हवा एकदम गार होते, भिंती ओल्या लागतात. तळाशी पाण्याची चौकोनी टाकी. हे पाणी नदीचं, वाळू-दगडांतून झिरपून गाळून आलेलं. वेढा पडला तरी किल्ल्याला तहान लागणार नाही. जिने एवढे रुंद की पाणी वाहणारं जनावर एकानं उतरून दुसऱ्यानं वर येऊ शकेल. कालव्यांचं रोमन पाणी तोवर थांबलं असेल, पण पाणी कसं राखायचं याची अक्कल नव्या राज्यकर्त्यांकडेही तितकीच होती. मी जिन्याच्या रुंदीला हात लावून माप घेत राहिलो आणि ताई त्या कोरीव वेलींवरून बोट फिरवत राहिली.

सोमवार

सोमवारी संग्रहालय बंद, म्हणून ते आधीच आटोपलं होतं. सकाळी सांता एउलालियाच्या देवळात गेलो. इ.स. ३०४च्या सुमाराला रोमन देवांना नैवेद्य द्यायला नकार दिल्याबद्दल मारलेली ही कोवळ्या वयाची मुलगी. शहर तिलाच आपली पाठराखीण मानतं. समोरची छोटी घुमटी १६१२ची आणि तिचे कोरीव दगड मंगळ देवाच्या रोमन मंदिरातले. देवळाखालच्या खोदकामात थडगी, रोमन घर आणि जुन्या चर्चचे पाये एकात एक अडकलेले दिसतात. सहाव्या शतकात बिशप मासोना यानं याच शहरात प्रवाशांसाठी आणि आजाऱ्यांसाठी धर्मशाळा बांधली होती, हे वाचून ताईला विशेष बरं वाटलं.

शेवटचं ठिकाण मिथ्रिओचं घर. तिथलं विश्वाचं मोझेइक निळ्या-हिरव्या काचखड्यांनी चमकतं. प्रत्येक आकृतीशेजारी लॅटिनमध्ये नाव: आकाश, ढग, वारे, नाईल, युफ्रेटिस, बंदर, जहाजं, दीपगृह. अलेक्झांड्रियाच्या त्या बंदरातून आणि नाईलमधूनच रोमन माल पुढे तांबड्या समुद्रामार्गे आपल्या पश्चिम किनाऱ्याला यायचा. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सातवाहनांच्या काळातली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली, ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. शाळेच्या सहलीत ताई दर वर्षी मुलांना ती दाखवायची. “आता मुलांना मी याचं हे टोक दाखवेन,” म्हणत तिनं त्या मोझेइकचे भरपूर फोटो काढले. शेजारच्या वस्तीतली मुलं अजून तिच्याकडे शिकायला येतात.

दुपारी आम्ही कासेरेसची बस धरली, सत्तरेक किलोमीटर उत्तरेला. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर एप्रिल किंवा ऑक्टोबर निवडा, शनिवार-रविवार हाताशी राहील असं पाहा आणि धरणासाठी अर्धी सकाळ वेगळी ठेवा. टॅक्सीवाल्याला परतीची वेळ आधीच सांगून ठेवली तर बरं पडतं. तिथे वाटेत दुसरी गाडी मिळेल याचा भरवसा धरू नये.